जॉन कोल्ट्रेनला रविशंकरांनी घडवलं नाही

व्हॉट्सॲपच्या गटांत आणि फेसबुकवर एक मजकूर थोड्याफार फरकाने फिरत असतो. सारांश असा: जॉन कोल्ट्रेन नावाचा अमेरिकन सॅक्सोफोनवादक हेरॉइनच्या आहारी गेला होता. पंडित रविशंकर भेटले, त्यांनी त्याला राग शिकवले, त्याचं व्यसन सुटलं. मग त्याच्या हातून ‘अ लव्ह सुप्रीम’ हा अल्बम झाला, तो म्हणजे ओंकाराचाच जप. पुढे तो हिंदू झाला, कुणी म्हणतं आश्रमात राहिला, आणि मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं. शेवटी ‘अभिमान वाटला तर पुढे पाठवा’.

मुलाचं नाव खरं आहे. 1965 साली जन्मलेल्या मुलाचं नाव कोल्ट्रेनने रविशंकरांवरूनच ठेवलं, आणि रवी कोल्ट्रेन आज स्वतः नावाजलेला सॅक्सोफोनवादक आहे. कोल्ट्रेनला आपल्या संगीताची मनापासून ओढ होती हेही खरं. पण या दोन खऱ्या गोष्टींवर जो इमला चढवला आहे तो पोकळ आहे, आणि त्याच्याखाली एका माणसाची वीस वर्षांची मेहनत आणि एका समाजाचं दुःख गाडलं गेलं आहे. मी ख्यालही जीव लावून ऐकतो आणि कोल्ट्रेनही, म्हणून मला हे सहन होत नाही.

व्यसनापासून सुरुवात करू, कारण तिथे नुसत्या तारखा पुरतात. कोल्ट्रेन 1955 मध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकात, म्हणजे पाच जणांच्या बँडमध्ये आला. हेरॉइन आणि दारू दोन्ही चालू होतं. 1957 च्या वसंतात माइल्सने त्याला काढून टाकलं. तो फिलाडेल्फियात आईच्या घरी गेला आणि तिथे खोलीत स्वतःला कोंडून घेऊन त्याने हेरॉइन एका झटक्यात सोडलं. आई होती, पहिली बायको नाइमा होती. रविशंकरांची आणि त्याची तोवर गाठही पडलेली नव्हती. ती पडली 1960 च्या दशकात, आणि खुद्द रविशंकरांनीच नंतर सांगितलं आहे की त्यांना भेटला तो व्यसनं सोडलेला, शाकाहारी झालेला, रामकृष्ण परमहंसांविषयी वाचणारा, अतिशय नम्र माणूस. म्हणजे हे श्रेय ज्यांच्या नावावर टाकलं जातं त्यांनी स्वतः ते कधी घेतलेलं नाही.

त्याच 1957 च्या उन्हाळ्यात तो न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट कॅफेत थेलोनियस मंकबरोबर रोज रात्री वाजवू लागला. कोल्ट्रेनचा गुरू म्हणून एकच नाव घ्यायचं झालं तर मी मंकचं घेईन. मंक पियानोवर बसून एखादी अडलेली जागा पुन्हा पुन्हा दाखवायचा, आणि मैफलीत मधूनच वाजवणं थांबवून उभा राहायचा. त्या मोकळ्या जागेत कोल्ट्रेनला एकट्याने लांबच लांब वाजवावं लागे. त्या वर्षी नोव्हेंबरात कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या त्यांच्या मैफलीच्या फिती 2005 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडल्या. त्या ऐकल्यावर ‘कोल्ट्रेन कसा घडला’ हा प्रश्न बराचसा सुटतो.

आता मुख्य दावा: त्याचं वादन रागसंगीतातून आलं. हे म्हणणाऱ्यांनी त्याचं आधीचं आयुष्य बघितलेलंच नसतं. जन्म 1926 चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅम्लेट गावचा. वाढला हाय पॉइंटमध्ये, आजोबा मेथडिस्ट पंथाच्या काळ्यांच्या चर्चचे पाद्री. बारा-तेरा वर्षांचा असताना वडील गेले. मग फिलाडेल्फिया, नौदलाच्या बँडमध्ये हवाई बेटांवर नोकरी, परतल्यावर ग्रॅनॉफ स्टुडिओत डेनिस सँडोल यांच्याकडे हार्मनीचा अभ्यास. 1949 पासून डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये, नंतर अर्ल बॉस्टिक आणि जॉनी हॉजेस यांच्याकडे. या सगळ्या काळात त्याचा रियाझ इतका अफाट होता की त्याबद्दल सांगितलं नाही असा त्याचा एक सहकारी सापडणार नाही. निकोलस स्लोनिम्स्कीचं सुरावटींचं जाडजूड पुस्तक घेऊन तो तासन्‌तास बसायचा. मैफलीच्या मध्यंतरातही सरगम घोटत असायचा.

या मेहनतीचं फळ म्हणजे मे 1959 मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं ‘जायंट स्टेप्स’. रागसंगीत ऐकणाऱ्यांनी हे एकदा लक्षपूर्वक ऐकावं. जॅझमध्ये वादकाच्या मागे पियानो आणि बास कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांची, साखळी वाजवत असतात, आणि कॉर्ड बदलली की कोणते स्वर शोभतील हेही बदलतं. इथे 16 बारच्या (एक बार म्हणजे चार मात्रा) एका आवर्तनात 26 कॉर्ड्स आहेत, बहुतेक दोन-दोन मात्रांच्या. वर ही साखळी एका षड्जावर टिकतच नाही. बी, जी आणि ई फ्लॅट असे सप्तकाचे तीन सारखे भाग करून ती या तीन षड्जांत सतत फिरते. लय मिनिटाला 280 मात्रांच्याही वर. आपला गायक तानपुऱ्याच्या एकाच ‘सा’वर तासभर घर बांधतो. इथे ‘सा’ दर सेकंदाला पायाखालून सरकतो, आणि तरी सॅक्सोफोनमधून सलग, गोळीबंद वाक्यं निघत राहतात. पियानोवर टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला माणूस होता. त्याचा एकलवादनाचा भाग आला तेव्हा तो अडखळला आणि शेवटी नुसत्या कॉर्ड्स वाजवत राहिला. आजही जगभरचे विद्यार्थी या धूनवर बोटं झिजवतात. रागसंगीताच्या हे अगदी दुसऱ्या टोकाचं आहे.

‘पण नंतर तो एकाच स्वरसमूहावर दीर्घ वाजवू लागला, ते तर आपलंच ना?’ असं मग विचारलं जातं. ती वाट त्याला माइल्सकडे दिसली. माइल्सचा अल्बम ‘काइंड ऑफ ब्लू’ मार्च-एप्रिल 1959 चा, म्हणजे ‘जायंट स्टेप्स’च्या ऐन आधीचा. त्यात कॉर्ड्सची गर्दी काढून टाकून एकेका मोडवर आठ-आठ, सोळा-सोळा बार थांबलेले आहेत, आणि त्यामागे जॉर्ज रसेल या संगीतकाराने 1953 मध्ये मांडलेला विचार होता. शिवाय मोड म्हणजे राग नव्हे. मोड हा नुसता स्वरांचा संच असतो. रागाला आरोह-अवरोह असतो, वादी-संवादी असतात, पकड असते, कुठे न्यास करायचा आणि कुठला स्वर ओझरता घ्यायचा याची शिस्त असते. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, तरी आपण दोघांची गल्लत करत नाही. कोल्ट्रेनच्या 1960 च्या ‘माय फेव्हरिट थिंग्ज’मध्ये यातलं काही नाही. तिथे मकॉय टायनरचा पियानो चौथ्या-चौथ्या स्वराच्या अंतराने रचलेल्या कॉर्ड्सचे ठोके देत राहतो आणि एल्विन जोन्सचे ड्रम्स लय चहूबाजूंनी ढवळतात. यातलं काहीच आपल्या पद्धतीत बसत नाही. आणि ते छोटं सोप्रानो सॅक्सोफोन सनईवरून घेतलं असंही कुणीतरी जोडून देतं. त्याच्यासमोर उदाहरणं होती सिडनी बेशे आणि स्टीव्ह लेसी यांची. बेशेच्या नावाने त्याने 1960 मध्ये एक ब्लूजही वाजवला आहे.

मग भारताचं काही नाहीच का? आहे, आणि ते मी मुळीच कमी लेखणार नाही. रविशंकरांच्या रेकॉर्ड्स तो जमवत होता, त्यांच्याबरोबर वाजवायची इच्छा मुलाखतीत बोलून दाखवत होता. नोव्हेंबर 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये त्याने वाजवलेली एक रचना ‘इंडिया’ नावाचीच आहे. त्यात दोन डबल बास आहेत, जी हा स्वर खाली धरून ठेवलेला आहे, कॉर्ड्स जवळपास हलत नाहीत, आणि एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट त्या आधारावर किंचाळत-कण्हत फिरतो. षड्ज धरून बसण्यातली ताकद त्याने ओळखली होती, हे ऐकताक्षणी कळतं. पण त्याच वर्षी त्याने ‘आफ्रिका’ केली, स्पेनच्या लोकधुनेवर ‘ओले’ केलं. हार्लेममध्ये नायजेरियन तालवादक ओलाटुंजीच्या आफ्रिकन संस्कृती केंद्राला त्याने आधार दिला, आणि एप्रिल 1967 मध्ये त्याच्या अगदी शेवटच्या मैफलींपैकी एक तिथेच झाली. त्याचे कान साऱ्या जगाकडे लागलेले होते आणि भारत हा त्यातला एक मोठा, जिव्हाळ्याचा भाग होता. रविशंकरांनी त्याला रागांची प्राथमिक ओळख करून दिली, ती मोजक्या भेटींत. नीट बसून शिकायचा बेत होता. तो राहून गेला, कारण 17 जुलै 1967 ला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने तो गेला.

‘अ लव्ह सुप्रीम’ म्हणजे ओंकार, या म्हणण्याचा मात्र मला खरोखर राग येतो. 9 डिसेंबर 1964 च्या एका संध्याकाळी न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत हे चार भाग मुद्रित झाले. अल्बमबरोबर कोल्ट्रेनने स्वतःच्या नावाने मजकूर लिहिला आहे. 1957 मध्ये देवाच्या कृपेने आपल्याला आध्यात्मिक जाग आली, असं तो त्यात म्हणतो, आणि सोबत एक दीर्घ प्रार्थना छापली आहे. ती पुन्हा पुन्हा देवाचे आभार मानते आणि ‘आमेन’वर संपते. चौथा भाग ‘साम’ (इंग्रजी Psalm, म्हणजे स्तोत्र) ऐकताना ती प्रार्थना समोर धरा. लुईस पोर्टर या अभ्यासकाने दाखवून दिलं आहे की तिथे सॅक्सोफोन त्या प्रार्थनेचे शब्द अक्षर-अक्षर वाचतो. ‘थँक यू गॉड’ आलं की सूर त्याच ठेवणीत खाली उतरतो. काळ्यांच्या चर्चमधला प्रवचनकार आवाज चढवत नेतो, एका सुरावर थांबतो आणि पुन्हा खाली येतो, ती ही ढब आहे. ती त्याने लहानपणी ऐकली, आजोबांच्या घरात. पहिल्या भागाच्या शेवटी ‘अ लव्ह सुप्रीम’ हे शब्द म्हटले जातात, त्याला ढोबळपणे जप म्हणा हवं तर. पण त्याआधी सॅक्सोफोन तीच चार स्वरांची आकृती बाराही षड्जांवरून फिरवून आणतो. ओंकाराची त्यात गरज नाही आणि जागाही नाही.

गंमत म्हणजे ‘ओम्’ नावाचा त्याचा वेगळा अल्बम आहेच, ऑक्टोबर 1965 चा, सिएटलजवळ मुद्रित झालेला आणि त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला. त्याच्या सुरुवातीला आणि शेवटी वादक मिळून गीतेच्या नवव्या अध्यायातले शब्द इंग्रजीत म्हणतात: मंत्र मी, तूप मी, अग्नी मी, आहुतीही मी. आपला ‘अहं क्रतुरहं यज्ञः’ हा श्लोक. अभिमानाने पाठवायचं तर हे पाठवावं. मात्र त्यानंतरचं संगीत म्हणजे अर्धा तास चाललेला मुक्त जॅझचा कल्लोळ आहे, आणि शांत ध्यानाच्या अपेक्षेने लावणारा दोन मिनिटांत बंद करील. कदाचित म्हणूनच ते कुणी पाठवत नाही.

तो हिंदू झाला नाही. सगळेच धर्म आपण मानतो असं त्याने म्हटलेलं आहे, आणि त्याचा अंत्यविधी न्यूयॉर्कच्या सेंट पीटर्स लुथरन चर्चमध्ये झाला. वेदान्ताकडे वळली ती त्याची दुसरी बायको, पियानो आणि हार्प वाजवणारी ॲलिस कोल्ट्रेन, तीही त्याच्या मृत्यूनंतर. स्वामी सच्चिदानंदांची ती शिष्या झाली, भारतात येऊन गेली, पुढे कॅलिफोर्नियात तिने आश्रम काढला. तिचं सगळं आयुष्य नवऱ्याच्या खात्यावर टाकणं हा तिच्यावर अन्याय आहे. आणि आश्रमात राहिलेला सॅक्सोफोनवादक म्हणजे सॉनी रॉलिन्स. तो 1960 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिला होता. 1978 मध्ये मुंबईच्या पहिल्या जॅझ यात्रेतही तो वाजवून गेला.

आता जे सांगायचं ते या फिरत्या मजकुरात कधीच नसतं. 15 सप्टेंबर 1963, रविवार. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी पेरलेला बाँब फुटला आणि चार मुली मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. 18 नोव्हेंबरला कोल्ट्रेनने ‘अलाबामा’ मुद्रित केलं. पियानोचा मंद्रातला घुमारा सतत चालू, ताल धरलेला नाही, आणि त्यावर टेनर सॅक्सोफोन एकेक वाक्य बोलतो. वाक्य संपलं की थांबतो, पुढचं शोधतो. मध्ये थोडा वेळ लय लागते, ती सुटते, आणि पुन्हा तेच बोलणं येतं. शेवटाकडे एल्विन जोन्सचे ड्रम्स खालून उसळतात.

रविशंकरांनी कोल्ट्रेनचं वादन ऐकून म्हटलं होतं की इतक्या शांत माणसाच्या संगीतात एवढी खळबळ का, हे आपल्याला उमगत नाही, त्याने आपण अस्वस्थ होतो. कोल्ट्रेनला ज्याने घडवलं तो माणूस असं म्हणेल का? ती खळबळ मैहरच्या घराण्यातून आलेली नव्हतीच. ती चर्चच्या बाकावर, ब्लूजमध्ये, फिलाडेल्फियाच्या बंद खोलीत आणि बर्मिंगहॅमच्या ढिगाऱ्यात होती. ‘हे सगळं आपण त्याला दिलं’ म्हणताना आपण तेच पुसून टाकतो.

राग आणि सॅक्सोफोन एकत्र ऐकायची हौस असेल तर तसं काम खरोखर झालेलं आहे. जॉन हँडीने अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदबरोबर आणि मुंबईच्या झाकीर हुसेनच्या तबल्याबरोबर 1975 मध्ये ‘करुणा सुप्रीम’ केलं, आणि त्या नावातच कोल्ट्रेनला नमस्कार आहे. गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विसने मुंबईत राहून रागांच्या सुरावटी जॅझमध्ये आणल्या. कर्नाटकच्या कद्री गोपालनाथांनी सॅक्सोफोनच्या कळांमध्ये बदल करून त्यावर गमक आणि अख्खा कर्नाटक संगीताचा कच्चेरीचा बाज उतरवला, आणि 1980 मध्ये मुंबईच्याच जॅझ महोत्सवात हँडीबरोबर वाजवलं. यांच्या नावाचा मजकूर मला आजवर कुणी पाठवलेला नाही. पाठवा, मी पुढे नक्की ढकलेन.