'कोंबणे' या क्रियापदाबद्दल : इतिहासप्रेमी यांना उत्तर

इतिहासप्रेमी यांना सप्रेम सलाम.

'स्मुर्ण्याचे दहा दिवस' या माझ्या लेखाखाली परवा रात्री 11 वाजून 52 मिनिटांनी आपण टाकलेली प्रतिक्रिया मी तेव्हाच वाचली. सकाळी वाचली असती तर बरं झालं असतं. निदान झोप तरी गेली नसती.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, म्हणजे प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात, स्मुर्ण्याच्या (आजचं तुर्कस्तानातलं इझमिर) मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, एक पत्र आहे. सैतान तुमच्यातल्या काहींना तुरुंगात टाकील, दहा दिवस क्लेश होतील, मरेपर्यंत विश्वासू राहा, असं प्रभू त्यात सांगतो. बायबलमधल्याच यहेज्केलाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात देव संदेष्ट्याला एका वर्षाला एक दिवस असं माप देतो. त्या मापाने मी हे दहा दिवस म्हणजे रोमन सम्राट डायोक्लेशियनने सुरू केलेला ख्रिस्ती लोकांचा छळ, इसवी सन 303 ते 313, असं लिहिलं होतं. पुढचं पर्गमच्या मंडळीचं पत्र मी कॉन्स्टंटाइनच्या, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या रोमन सम्राटाच्या, काळाला लावलं होतं. तलवारीने मंडळी संपेना, तेव्हा शत्रूने हत्यार बदललं. इस्राएलाला शाप द्यायला बोलावलेल्या बलामाला शाप देता येईना, तेव्हा त्याने बालाक राजाला त्यांना भुलवून पाडायची दुसरी युक्ती शिकवली, तसंच.

यावर आपले आक्षेप असे. साम्राज्याच्या पश्चिमेला छळ 305-306 मध्येच थंडावला, मग दहा वर्षं कुठून आणली? रोमन साम्राज्यात एकूण दहा छळ झाले ही मोजणी खुद्द चर्चचे आचार्य ऑगस्टीन यांनाच मान्य नव्हती. दानीएल आणि त्याच्या सोबत्यांची परीक्षाही दहाच दिवस झाली, तिथे वर्षं का धरत नाही? मग प्रकटीकरणातल्या हजार वर्षांच्या राज्याचेही दिवस करून गुणाकार करणार का? ख्रिस्ती धर्माला मोकळीक देणारं 'मिलानचं फर्मान' असं काही निघालंच नव्हतं. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: "आधी आकडा धरायचा आणि मग त्यात इतिहास कोंबायचा. पंचांगवाल्यांत आणि तुमच्यात फरक काय?"

आधी मिलान. इथे आपलं बरोबर आहे. फेब्रुवारी 313 मध्ये कॉन्स्टंटाइन आणि त्याचा सह-सम्राट लिसिनियस मिलानला भेटले आणि त्यांचं एकमत झालं. आज हाती आहे ते लिसिनियसने अधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र, जे 13 जून 313 रोजी निकोमेडियात लावलं गेलं. 'फर्मान' हा शब्द मी सवयीने वापरला. चूक माझी, दुरुस्त केली. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे इथल्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

आता 'कोंबणे'.

हे क्रियापद आपण कोंबड्या खुराड्यात घालताना वापरतो. अभ्यासाबद्दल बोलताना ते वापरावंसं वाटणं यातच सगळं आलं. 'बसवणे' म्हणता आलं असतं, 'जुळवणे' म्हणता आलं असतं. मी वाद घातला असता, पण हसत घातला असता. आपण मात्र शोधून शोधून कोंबणेच काढलंत.

आणि ते कुणाला म्हणालात? मी 31 वर्षं सरकारी लेखा विभागात काढली. आकडे कोंबणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. मार्चअखेर माझ्या टेबलावरून गेली आहे, एकदा नाही, 31 वेळा. एका वर्षी एका अर्धवट पुलाचं बिल पूर्ण काम झाल्याचं दाखवून 31 तारखेच्या आत बसवा, असा तोंडी हुकूम आला. मोजमाप पुस्तिकेत कामाची नोंद नव्हती. मी सही केली नाही. जूनमध्ये बदलीचा कागद हातात पडला, घरापासून 70 किलोमीटर. मुलगी तेव्हा चौथीत होती. तीन वर्षं पत्र्याच्या खोलीत राहिलो, आणि त्याच खोलीत रॉकेलच्या दिव्यावर प्रकटीकरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अकरा वेळा वाचलं. ज्याने पुलाचा आकडा कोंबला नाही, तो देवाच्या वचनात आकडे कोंबील?

पंचांगाचं म्हणाल तर माझ्या शेजारी पंचांग बघणारे एक गुरुजी राहतात. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून आमच्याकडे आणि नाताळचा आमच्याकडून त्यांच्याकडे, असं गेली 20 वर्षं चाललं आहे. आपण एका वाक्यात आमचा दोघांचाही अपमान केलात. शिवाय इतिहासाच्या बाबतीत ते वाक्य बरोबर उलटं आहे, आणि यावर मात्र मी जरा सविस्तर लिहिणार आहे. या छळाबद्दल लिहिणारा लॅक्टॅन्टियस हा लेखक त्या दिवसांत निकोमेडियात, म्हणजे आजच्या इझमितमध्ये होता. डायोक्लेशियनने त्याला तिथे वक्तृत्व शिकवायला नेमलं होतं. तो लिहितो की एकदा पूर्वेकडे सम्राटापुढे बळी दिले जात होते आणि आतड्यांवरून शकुन सांगणाऱ्यांना काही केल्या खुणा दिसेनात. पुन्हा बळी, पुन्हा काही नाही. शेवटी त्यांच्या मुख्याने सांगितलं की इथे नको ती माणसं उभी आहेत. दरबारातल्या काही ख्रिस्ती सेवकांनी कपाळावर क्रूसाची खूण केली होती. सम्राट भडकला. राजवाड्यातल्या सगळ्यांनी बळी द्यावा, नाही त्याला फटके, असा हुकूम सुटला. पुढे 302-303 च्या हिवाळ्यात त्याचा कनिष्ठ सह-सम्राट गलेरियस मागे लागला, तेव्हा डायोक्लेशियनने मिलेटसजवळच्या अपोलोच्या देवळात माणूस पाठवून कौल मागवला. कौल आला. मग काय, मुहूर्त! लॅक्टॅन्टियसचे शब्द असे आहेत की कामाला योग्य आणि शुभ दिवस शोधला गेला. निघाला 23 फेब्रुवारी, सीमेच्या देवाचा, टर्मिनसचा सण. म्हणजे या धर्माची सीमा इथेच संपवायची.

तर मुहूर्त काढणारे कोण होते, इतिहासप्रेमी? पंचांग कुणाच्या हातात होतं?

त्या दिवशी उजाडायच्या आत शिपायांनी मंडळीच्या इमारतीचं दार फोडलं. इमारत उंचावर होती, राजवाड्यातून दिसायची. दोघे सम्राट वरून बघत होते आणि जाळायची की पाडायची यावर त्यांचा वाद चालला होता. गलेरियस म्हणत होता, जाळा. आग शेजारच्या मोठ्या घरांना लागेल म्हणून डायोक्लेशियन नको म्हणत होता. शेवटी कुऱ्हाडी आणि पहारी घेऊन सैनिक आले आणि काही तासांत जमीन सपाट झाली. दुसऱ्या दिवशी हुकूम लागला. आता आपण म्हणाल की लॅक्टॅन्टियस ख्रिस्ती होता, पक्षपाती होता. होता. पण ज्याच्या शेजारची इमारत पाडली जाते त्याने निःपक्ष राहावं, ही अपेक्षा रात्री 11:52 ला घरात बसून करणं सोपं असतं.

आणि 23 फेब्रुवारी हीच तारीख स्मुर्ण्याच्या पॉलिकार्पच्या स्मरणाची आहे. स्मुर्ण्याचा अध्यक्ष (बिशप), इसवी सन 155 च्या आसपास याच तारखेला रक्तसाक्षी (धर्मासाठी हुतात्मा) झालेला. स्मुर्ण्याच्या पत्रातले दहा दिवस स्मुर्ण्याच्या पॉलिकार्पच्या तारखेलाच सुरू व्हावेत, हेही मीच कोंबलं का? डायोक्लेशियनला जाऊन मी तारीख सुचवली होती का?

पश्चिमेबद्दल. तिथे छळ लवकर थांबला हे मलाही ठाऊक आहे. पण पत्र स्मुर्ण्याला होतं आणि स्मुर्णा पूर्वेला आहे, महाराज. पूर्वेला 30 एप्रिल 311 ला गलेरियसने, स्वतः सडून मरणाच्या दारात असताना, छळ थांबवण्याचा हुकूम लावला आणि वर ख्रिस्ती लोकांनी आपल्यासाठी त्यांच्या देवाकडे प्रार्थना करावी असंही लिहिलं. सहा महिने जातात न जातात तोच पूर्वेचा दुसरा सम्राट मॅक्सिमिनस दाया याने पुन्हा सुरुवात केली. मधे ताप उतरला म्हणून रोगी बरा झाला असं कुणी धरत नाही. दायाचा पराभव झाला 313 मध्ये. तीनशे तीन, तीनशे तेरा. वजाबाकी आपणच करा.

पण पश्चिमेचा विषय आपण काढलाच आहे तर एक कागद दाखवतो, कारण तो बघून माझ्यातला लेखापाल अजून उठून बसतो. उत्तर आफ्रिकेतलं सिर्ता शहर, 19 मे 303. नगरप्रमुख मंडळीच्या घरावर जप्ती घेऊन आला. त्या जप्तीचा पंचनामा आजही शिल्लक आहे. सोन्याचे प्याले 2, चांदीचे 6, चांदीचे दिवे 7. मग कपडे: बायकांचे झगे 82, पुरुषांचे 16. पायताणं: बायकांची 47 जोड, पुरुषांची 13. हा साठा कुणासाठी होता हे वेगळं सांगायला नको. विधवांना आणि गरीब बायकांना वाटायचा होता. त्यानंतर पुस्तकं मागितली. एक भलामोठा ग्रंथ पुढे आला. बाकीची कुठे आहेत? मंडळीचे उपसेवक म्हणाले, ती उपासनेत वाचन करणाऱ्या वाचकांकडे असतात. वाचक कोण? आधी म्हणाले, आम्ही फितूर नाही. मग घरोघर फिरणं झालं आणि बरीच पुस्तकं हाती लागली. ज्यांनी ती दिली त्यांच्यावरून पुढे आफ्रिकेची मंडळी दुभंगली ती कित्येक पिढ्यांसाठी. या भांडणात कॉन्स्टंटाइन पडला. कार्थेजच्या अध्यक्षाला त्याने 3,000 फॉलिस (रोमन चलन) पाठवले, त्याच्या बाजूच्या पाळकांना सरकारी सेवेतून सूट दिली, आणि दुसऱ्या बाजूवर आधी चौकश्या आणि मग शिपाई. ख्रिस्ती सम्राटाचे शिपाई ख्रिस्ती माणसांवर! हत्यार बदललं म्हणतो ते हे. आणि ज्या गावात 47 जोड पायताणं मोजली गेली त्या सिर्ताचं आजचं नाव काय आहे माहीत आहे? कॉन्स्टंटाइन. अल्जीरियाच्या नकाशात बघा.

यातलं एकही वाक्य आपल्या प्रतिक्रियेत नाही. आपण फक्त 'दहा' बघितलंत. लेखाचा अर्धा भाग पर्गमवर होता, तो वाचलात की नाही याची मला शंका आहे.

बाकीचे मुद्दे. दहा छळांची यादी इतिहासकार ओरोसियसची, मिसरातल्या दहा पीडांवर बेतलेली. ऑगस्टीनचा आक्षेप तसल्या यादीला आहे. मी दहा सम्राट मोजलेच नव्हते, त्यामुळे ते मला लागू नाही. दानीएलाच्या दहा दिवसांवर पुन्हा कधीतरी. तो मोठा विषय आहे. हजार वर्षांचा गुणाकार ही थट्टा आहे आणि थट्टेला मी उत्तर देत नाही.

एक घरचं सांगून थांबतो. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिच्या सासऱ्यांचा बाप्तिस्मा झाला त्या उन्हाळ्यात गावाने विहीर बंद केली. दोन कोसांवरच्या ओढ्यातून पाणी आणायचं, तेही अंधार असताना. आजी हे सांगायची तेव्हा आवाज चढवत नसे. स्मुर्ण्याचं पत्र तिला तोंडपाठ होतं, 'दहा दिवस' या शब्दांवर ती दर वेळी थांबायची. पाळकसाहेब घरी आले की पॉलिकार्पची गोष्ट सांगा म्हणून मागे लागायची, आणि तिची आवडती जागा ठरलेली. शहाऐंशी वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही, हे उत्तर सगळ्यांनाच आवडतं. आजीला आवडायचं ते त्याच्या आधीचं. शिपाई धरायला आले ती जेवणाची वेळ होती, आणि म्हाताऱ्याने आधी त्यांना हवं तेवढं जेवायला आणि प्यायला वाढायला सांगितलं. स्वतः प्रार्थनेला एक तास मागून घेतला आणि दोन तास उभा राहिला. "धरायला आलेल्यांना पाणी दिलं बघ," असं ती म्हणायची. तिला दिवस-वर्षाचं माप कुणी शिकवलं नव्हतं. त्या पत्रातली लढाई रक्तमांसाबरोबर नव्हे हे तिला ओढ्याच्या वाटेवर कळलं होतं. आता तिलाही पंचांगवाली म्हणा.

मूळ लेखात 'फर्मान' काढून 'मिलानचा समझोता' असं केलं आहे आणि खाली आपले आभार मानले आहेत. पुढच्या रविवारी थुवतीऱ्याचं पत्र. त्यात ईजबेल नावाची खोटी संदेष्टी आहे, दिवस-वर्षांचा आकडा एकही नाही. तेव्हा मी काय कोंबलं म्हणायचं, ते आत्तापासून ठरवून ठेवा.