भाऊ कुठवर आले?

पानिपतावरची सहाशे पानांची कादंबरी मी मार्चमध्ये वाचनालयातून घरी आणली, तेव्हा ती संक्रांतीपर्यंत पुरेल अशी कल्पना नव्हती. पण सदाशिवरावभाऊंनाही 1760 च्या मार्चमध्ये पटदूरहून निघून 14 जानेवारी 1761 च्या त्या दिवसापर्यंत दहा महिने लागलेच होते. त्यांच्यामागे बाजारबुणगे होते, माझ्यामागे नातेवाईक.

असल्या कादंबऱ्यांत वाचकाचा खरा शत्रू अब्दाली नसून आरंभी छापलेली वंशावळ असते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रिवाजापायी बाळाजींचे बाजीराव, बाजीरावांचे पुन्हा बाळाजी आणि पुढे रघुनाथरावांच्या पोटी पुन्हा बाजीराव होतात. शिवाय घरात एकाला नाना, त्यांच्या धाकट्या भावाला दादा आणि चुलतभावाला भाऊ म्हणतात. आमच्या भुसावळच्या घरातही नाना, दादा आणि भाऊ आहेतच. (आबा तर दोन आहेत, पण कादंबरीत त्यांचे काम नाही.)

एप्रिलातल्या एका दुपारी, बाहेर चव्वेचाळीस अंशांचे ऊन असताना, मी कूलरसमोर आडवा पडून वाचत होतो. माझे थोरले बंधू भाऊ खांडव्याहून रेल्वेने येणार होते आणि त्यांना आणायला मी स्थानकावर जायचे होते. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारले, "अहो, भाऊ कुठवर आले?"

"बऱ्हाणपूर सोडलं," मी पान उलटत म्हणालो, "आता हंडियाकडे निघालेत."

हंडिया नेमके उलट दिशेला, नर्मदेवर असल्यामुळे, भाऊ काही कारणाने रागावून परत फिरले, असा तिचा समज झाला आणि तिने चार माणसांचा स्वयंपाक तीन माणसांवर आणला. तासाभराने भाऊ स्वतःची ट्रंक स्वतः उचलून, घामाने निथळत दारात उभे राहिले. तेव्हापासून आमच्या घरात "आपले भाऊ" आणि "तुमचे भाऊ" असे दोन स्वतंत्र भाऊ आहेत.

संक्रांतीला सारे कुटुंब भरितासाठी शेतावर जमले. पऱ्हाटीवर वांगी भाजली जात होती, कळण्याच्या भाकऱ्या थापल्या जात होत्या आणि मी बांधावर बसून, छावणीत दाणा उरलेला नसताना, विश्वासराव पडल्याचे वाचून डोळे पुसत होतो. भरितावर कच्चे तेल घेता घेता आमच्या भाऊंनी विचारले, "काय रे, मी कुठवर आलो?"

मला सांगवेना. मी उठून त्यांच्या पानात आणखी भरीत वाढले.