बलोनी केक कलंडला त्याचं कारण

नमस्कार,

बलोनी केकच्या, म्हणजे बलोनी या सॉसेजच्या चकत्या एकावर एक रचून बाहेरून क्रीम चीज लिंपलेल्या थंड, खाऱ्या केकच्या कृतीवरची तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण नेमकी आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो आहोत. तुमच्या तक्रारी चार. केक तासाभरात एका बाजूला कलंडला. ताटलीत गुलाबी पाणी साचलं. चव नुसती खारट लागली. आणि मुळात सॉसेजच्या चकत्यांना क्रीम चीज फासून त्याला केक म्हणणं हाच थिल्लरपणा आहे. शेवटी तुम्ही काय काय वापरलंत तेही लिहिलंत: टर्की बलोनी, डब्यातलं लाइट क्रीम चीज, रँच (अमेरिकी सॅलड ड्रेसिंगचा खारा मसाला) याचं एक पाकीट, आणि थराथरांत बारीक चिरलेलं डिल पिकल, म्हणजे शेपूसारखी डिल घालून खारवलेली काकडी. पहिल्या तीन तक्रारींची उत्तरं या यादीतच आहेत, आणि त्यातला एक दोष आमचा आहे.

तो आधी सांगतो. कृतीत आम्ही नुसतं ‘क्रीम चीज 450 ग्रॅम’ लिहिलं. कोणतं, ते लिहिलं नाही. लिहायला हवं होतं: फॉइलमधल्या 226 ग्रॅमच्या दोन वड्या, फुल फॅट. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे क्रीम चीजमध्ये किमान 33 टक्के दुधाचं फॅट असावं लागतं आणि पाणी 55 टक्क्यांच्या वर चालत नाही. थंड झाल्यावर घट्ट बसतं ते हे फॅट. डब्यातलं चीज फ्रिजमधून काढल्या काढल्या पावावर पसरावं म्हणून मऊच ठेवलेलं असतं, आणि लाइटमध्ये फॅट कमी, पाणी जास्त. त्याच्यावर सोळा चकत्या रचल्या तर ते थर धरून ठेवत नाही, वंगणाचं काम करतं. कृतीत आता दुरुस्ती केली आहे.

वडी अर्धा तास बाहेर ठेवून लाकडी चमच्याने फेटावी, तीही गुठळ्या मोडेपर्यंतच. मिक्सरने फार वेळ फेटली की चीज सैल पडतं आणि मग फ्रिजमध्ये ठेवूनही पहिल्यासारखं आवळत नाही. दूध, लिंबाचा रस, पिकलचं पाणी यातलं काहीही थेंबभरसुद्धा घालू नये.

आता पाण्याबद्दल, कारण खरा घोटाळा तिथे झाला. बलोनी म्हणजे मांस, चरबी आणि पाणी एकत्र वाटून, त्याचा गुळगुळीत लगदा करून शिजवलेलं सॉसेज. नेहमीच्या बलोनीत चरबी 30 टक्क्यांपर्यंत आणि चरबी व वरून घातलेलं पाणी मिळून 40 टक्क्यांपर्यंत चालतं. टर्की बलोनीत चरबी बहुधा कमी असते आणि चकती जास्त ओली, जास्त लवचीक असते. पाकीट फोडल्यावर चकत्यांवर जी चिकट ओल दिसते ती खारं पाणीच असते. ती पुसली नाही तर क्रीम चीज चकतीला धरतच नाही. पेपर टॉवेलवर चकत्या एकेरी मांडा, वरून दुसरा टॉवेल दाबा, दहा मिनिटांनी उलटा आणि पुन्हा दाबा. टर्की असेल तर वीस मिनिटं द्या आणि टॉवेल एकदा बदला. मग चकतीवर बोट फिरवून बघा. बोट सरकन घसरलं तर अजून ओल आहे. ते किंचित अडखळलं पाहिजे.

पिकल मात्र थरांतून काढूनच टाका. कितीही पिळलं तरी ते चीजमध्ये पाणी सोडत राहतं. तुमच्या ताटलीतलं गुलाबी पाणी म्हणजे हे पिकलचं पाणी आणि चकत्यांची ओल. पिकल बाजूला वाटीत द्या. तिथे ते हवंच, कारण एवढ्या स्निग्ध घासाला आंबट काहीतरी लागतं.

रचण्याचा हिशेब असा. साधी चकती 11 सेंटिमीटर रुंद, 3 मिलिमीटर जाड आणि 28 ग्रॅमच्या आसपास. अशा 16 चकत्या म्हणजे एक पौंडाचं पाकीट. दोन चकत्यांमध्ये एक टेबलस्पून, म्हणजे 15 ग्रॅम चीज; ते दीड मिलिमीटरचा थर देतं. पंधरा थरांत पहिली वडी संपते, केक सात सेंटिमीटर उंच होतो आणि दुसरी वडी बाहेरून लिंपायला राहते. थर याहून जाड केला की केक हमखास सरकतो. चीज कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत थांबवा, पुढची चकती दाबल्यावर ते आपोआप कडेला येतं. चकत्यांची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे प्रत्येक चकती आधीच्या चकतीपेक्षा पाव वळसा फिरवून ठेवा, नाहीतर सगळ्या जाड बाजू एकावर एक येतात आणि बुरूज पहिल्यापासूनच तिरका चढतो. दर पाच चकत्यांनंतर पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये. हा थांबा कृतीत होता, आणि तोच वगळल्याचं तुम्ही लिहिलं आहे. सरळ कडांच्या डब्यात प्लास्टिकची फिल्म घालून त्यात रचलं तर आणखी सोपं जातं. वर एक बशी ठेवायची, वजन नाही, आणि रात्रभर फ्रिज. सकाळी बाहेरून आधी पातळ हात, अर्धा तास थंड, मग जाड हात.

डेली काउंटरवरून, म्हणजे दुकानातल्या तयार मांसाच्या काउंटरवरून, कापून घेतलेल्या बलोनीला कधी कधी लाल सालीची कड असते. ती सोलून काढा. ती राहिली तर सुरी अडते आणि कापताना अख्खा थर ओढला जातो.

खारटपणाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. एका चकतीत सोडियम सुमारे 300 मिलिग्रॅम. म्हणजे केकचे सोळा तुकडे केले तर प्रत्येकात नुसत्या मांसाचंच तेवढं, आणि अमेरिकेत दिवसाची मर्यादा 2,300 मानतात. त्यावर रँचचं पाकीट आणि खारी बिस्किटं म्हणजे कहरच. पाकिटाऐवजी दोन्ही वड्यांत मिळून दोन टीस्पून सुकी डिल, एक टीस्पून कांद्याची पूड, अर्धा टीस्पून लसणाची पूड, अर्धा टीस्पून मिरपूड आणि किसलेली लिंबाची साल घाला. मीठ अजिबात नको. सोबतचे क्रॅकर्सही बिनमिठाचे घ्या.

टर्की तुम्ही बीफ टाळायला घेतलीत. अमेरिकेतले अनेक मराठी वाचक तेच करतात आणि त्यात काही गैर नाही. साध्या बलोनीत डुक्कर, गाय, कोंबडी यांचं मिश्रण असू शकतं, म्हणून लेबल वाचावंच लागतं. टर्की घेतली तर दहा चकत्यांवर थांबा. लेबनन बलोनी मात्र घेऊ नका. पेनसिल्व्हेनियातलं ते आंबवलेलं, धुरावलेलं बीफ सॉसेज वेगळंच असतं, आणि त्याचा आंबटपणा क्रीम चीजच्या आंबटपणात मिसळून चव बिघडते.

राहिली चौथी तक्रार, आणि इथे आम्ही तुमच्याशी सहमत नाही. खारा, लिंपलेला केक ही चेष्टा म्हणून जन्मलेली गोष्ट नाही. 1950च्या दशकात अमेरिकी घरांत पार्टीला सँडविच लोफ होत असे: पावाचे आडवे थर, मध्ये अंड्याचं आणि हॅमचं सारण, बाहेरून क्रीम चीज. स्वीडनमध्ये स्मोर्गोस्टोर्टा हा पावाचा खारा केक आजही समारंभांना आवडीने मांडतात. बलोनी केक त्यांचाच गरीब भाऊ. पाव नाही, ओव्हन नाही, बलोनीचं एक पाकीट आणि चीजच्या दोन वड्यांत सोळा जणांपुढे ठेवण्यासारखं देखणं काहीतरी. थोड्या पैशांत पाहुण्यांचा मान राखायची ही धडपड आहे आणि आम्हाला ती मनापासून आवडते. म्हणूनच तो नीट उभा राहिला पाहिजे असं वाटतं.

सजावटीसाठी कॅनमधून दाबून काढायच्या चीजची फुलं ताट बाहेर नेण्याच्या क्षणी काढा, आधी काढली तर बसतात. तो कॅन हलवायचा नसतो. आत चीज आणि वायू वेगळे असतात, वायू खालून चीज वर ढकलतो. ऑलिव्ह कोरडे पुसून लावा.

प्रक्रिया केलेलं मांस रोज खायची वस्तू नाही हे तुम्ही शेवटी लिहिलंत तेही बरोबर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ते कर्करोगकारक म्हणून नोंदवलं आहे. तुकडे लहान ठेवा. गरोदर बायका आणि 65च्या वरच्या पाहुण्यांना हा थंड केक देऊ नका, अन्नातून आजार देणारा लिस्टेरियाचा जंतू फ्रिजमध्येही वाढतो. त्यांच्यासाठी चकती 74 अंश सेल्सियसपर्यंत, वाफ येईतो परतून गरमच वाढा. परतताना कडेपासून मध्यापर्यंत एक चीर द्या, नाहीतर कड आक्रसते आणि चकती वाटीसारखी फुगते.

केक बाहेर दोन तास, हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक कापाला पुन्हा. अर्धा केक कापून उरलेला लगेच फ्रिजमध्ये ठेवलात तर दुसऱ्या खेपेचे तुकडेही पहिल्याइतकेच सरळ निघतील.