दुकानाकडून उत्तर: "एका तासाचं काम, चार दिवस अडकवून ठेवलं"

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. दोन स्टार दिलेत, आणि लिहिलंय की ओव्हरक्लॉकचं (प्रोसेसरचा स्पीड कंपनीच्या सेटिंगपेक्षा वाढवायचं) एका तासाचं काम, पीसी चार दिवस अडकवून ठेवला, २५०० रुपये घेतले आणि एवढं करून प्रोसेसरचं टेंपरेचर ८९ डिग्री दाखवतंय. शुक्रवारी तुमचे तीन फोन उचलले गेले नाहीत ही आमची चूक आहे, त्याबद्दल मनापासून सॉरी. काउंटरला मी आणि एक मुलगा असे दोघंच असतो, पण ते तुम्ही का ऐकून घ्यावं, फोन उचलायलाच हवा होता.

पण सर, "अडकवून ठेवला" हे वाचून फार वाईट वाटलं. तुमचा पीसी मंगळवारी संध्याकाळी सातला आला आणि शनिवारी संध्याकाळी तुमच्या हातात दिला, बुधवारी काम सुरू केल्यापासून तो एक रात्रही नुसता पडून नव्हता. सेटिंग टाकायला एक तास लागतो हे तुमचं बरोबर आहे, खरं तर दहा मिनिटांत होतं. वेळ लागतो तो ते सेटिंग टिकतंय का हे बघायला. तुम्हीच सांगितलं होतं की लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करता, रात्री एक्सपोर्ट लावून झोपता. गेमवाल्याचा पीसी मध्येच बंद पडला तर तो परत चालू करून खेळतो, तुमचा पहाटे तीनला बंद पडला तर सकाळी पार्टीला काय सांगणार? म्हणूनच जास्त वेळ घेतला.

काय काय केलं ते सांगतो. तुमचा प्रोसेसर आय५ १२६००के, त्याचे मोठे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) सगळे मिळून मुळात ४.५ गिगाहर्ट्झला चालतात. बुधवारी आधी आहे तसं टेंपरेचर मोजलं आणि मग ५.१ ला नेलं. सिनेबेंच ही स्पीडची टेस्ट दहा मिनिटं पास, विंडोज मस्त चालतंय, तुमच्या "एका तासाच्या" हिशोबाने त्याच वेळी बिल करून देता आला असता. रात्री प्राइम ९५, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण जोर लावून गणितं करायला लावणारी टेस्ट, चालू करून शटर ओढलं. सकाळी येऊन बघतो तर पाच तास चाळीस मिनिटांनी एक कोअर थांबलेला, स्क्रीनवर लाल खूण आणि राउंडिंगचा एरर, म्हणजे प्रोसेसरने गणित चुकवलं होतं. असला पीसी दिवसभर छान चालतो आणि नेमका मोठ्या कामात दगा देतो. मग तो टिकावा म्हणून व्होल्टेज वाढवून १.३३ केलं तर टेंपरेचर ९६. या प्रोसेसरची मर्यादा १०० आहे, तिथे पोचला की तो जळत नाही, स्वतःच स्पीड कमी करतो, पण मग ओव्हरक्लॉक करून मिळवलं काय? शिवाय ओव्हरक्लॉकमुळे काही झालं तर कंपनीच्या नेहमीच्या वॉरंटीत ते बसत नाही. म्हणून खाली आणून ५.० आणि १.२७ व्होल्ट केलं, आणि एक गोष्ट बदलली की टेस्ट परत पहिल्यापासून, तिथे शॉर्टकट नसतो. त्यात गुरुवार, लाईट संध्याकाळी आली, पुण्यात हे तुम्हाला सांगायला नको, यूपीएस पंधरा मिनिटं ओढतो, बारा तासांची टेस्ट नाही. ती गुरुवारी रात्री झाली, पास झाली. शुक्रवारी भर दुपारी एसी बंद करून परत चालवली, कारण दुकानात २४ डिग्री आणि तुमच्या वरच्या मजल्यावर मे महिन्यात ३८, खोली जेवढी तापते जवळजवळ तेवढंच प्रोसेसरचं टेंपरेचर वर जातं. आम्ही दोघं घामाघूम होऊन बसलो होतो सर, गिऱ्हाईक आत येऊन बाहेर जात होतं. शुक्रवारी रात्री रॅमसाठी मेमटेस्ट. शनिवारी सकाळी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडली तर डब्ल्यूएचईए लॉगरची (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा भाग) एक वॉर्निंग, १९ नंबरची, म्हणजे एरर आली आणि प्रोसेसरने स्वतःच दुरुस्त केली. ही तुम्हाला कधी दिसलीही नसती, पण मला दिसली, म्हणून व्होल्टेज चिमूटभर वाढवून अजून चार तास चालवलं. तुम्ही आलात तेव्हा ती टेस्ट नुकतीच संपली होती.

आता ते ८९. तुम्ही स्क्रीनशॉट टाकलाय त्यात प्राइम ९५ स्मॉल एफएफटी या प्रोसेसर खूप तापवणाऱ्या मोडवर चालू दिसतंय, एवढा लोड तुमचं एडिटिंग कधीच देत नाही. एक्सपोर्टला बघा, सत्तरीत असेल. आणि फोटोत कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात आहे, मागे भिंत, गरम हवा जाणार कुठे? बाहेर काढून ठेवा एवढीच विनंती, डिलिव्हरीच्या वेळीही सांगितलं होतं.

पैशाचं म्हणाल तर २५०० आधी सांगूनच घेतले होते. ५०० मध्ये बायोसचं (मदरबोर्डच्या सेटिंग मेनूतलं) रेडिमेड सेटिंग टाकून देणारे आहेत, आम्ही तसं करत नाही. बारा वर्षं दुकान चालवतोय, नवीन गिऱ्हाईक हल्ली रिव्ह्यू बघूनच येतं, तुमच्या खालीच एकाने "मग इथे नको जायला" लिहिलंय, ते रात्रभर डोक्यात होतं.

चार दिवस लागतील हे पीसी घेतानाच स्पष्ट बोलायला हवं होतं, ते इथून पुढे बोलू, मधे मधे व्हॉट्सअॅप पण करत जाऊ, टेस्टचे स्क्रीनशॉट देता येतात का तेही बघतो. तुमच्या पीसीच्या टेस्टचे सगळे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट माझ्याकडे आहेत, दुकानात येऊन बघा. स्टार बदला असं म्हणणार नाही, पण "अडकवून ठेवला" एवढं काढता आलं तर बघा. पीसी आणलात तर प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट आणि फॅनची सेटिंग परत तपासून देतो, पैसे नाही घेणार. फक्त गुरुवारी येऊ नका, लाईट नसते.