कण्हेर तोडा, असं मी म्हटलेलं नाही

नमस्कार काका,

काका म्हणते, कारण सत्तरी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय. कुत्र्यांना विषारी ठरणाऱ्या बागेतल्या झाडांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोकणातल्या तुमच्या अंगणात पन्नास वर्षं कण्हेर आणि बिट्टी (पिवळी कण्हेर) आहे, त्यांच्या सावलीत कुत्र्यांच्या चार पिढ्या लोळल्या, एकालाही काही झालं नाही. मी उगाच भीती घालून लोकांना देवाच्या फुलांची झाडं तोडायला लावतेय. आणि कुत्र्यानं काही खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजलं की उलटी होऊन मोकळं होतं.

एक चूक मला मान्य आहे. मनीप्लांट आणि सायकस मी एकाच यादीत, एकाखाली एक लिहिले. तुम्ही विचारलंत, "मनीप्लांटनं कुत्रं मरतं का?" सहसा नाही मरत. मनीप्लांटमध्ये आणि डिफनबेकियामध्ये (कुंडीतलं ते मोठ्या, ठिपकेदार पानांचं शोभेचं झाड) कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू खाजतं ते यांच्यामुळेच, म्हणून तर आपण अळूवडीला चिंच लावतो. कुत्र्याच्या तोंडात ते टोचतात, लाळ गळते, पंजानं ते तोंड घासत बसतं. तोंड पाण्यानं धुवायचं, श्वास नीट चाललाय ना ते बघायचं. बहुतेक वेळा एवढ्यावर निभावतं.

सायकसचं तसं नाही. सोसायटीच्या गेटच्या दोन्ही बाजूंना शोभेला असतो तो, खजुरासारखा दिसणारा. त्याचा प्रत्येक भाग विषारी, बिया सगळ्यांत जास्त. मादी झाडाच्या शेंड्यात नारिंगी-लाल बिया धरतात, पिकल्या की खाली पडतात. एक-दोन बियांनीही कुत्रं दगावू शकतं. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग जरा बरं वाटल्यासारखं दिसतं, आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होऊन कावीळ दिसते. तोवर उशीर झालेला असतो. नर्सरीत या कुंडीवर कुणी साधी चिठ्ठीही लावत नाही, याचा मला खरंच राग येतो.

आता कण्हेर. हायवेच्या दुभाजकावर ती एवढी का लावतात, ठाऊक आहे ना? जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून. शेळीसुद्धा टाळते. तुमच्या अंगणातल्या कुत्र्यांनाही पानं कडू लागली असतील आणि हिंडायला सगळं गाव होतं. पण दात येत असलेलं पिल्लू चव बघत नाही, ते काडी चावतं. फ्लॅटमध्ये दिवसभर एकटं असलेलं तर हमखास. शिवाय गावात कुत्रं अचानक मेलं, तर आपण साप चावला म्हणतो आणि पुरून येतो. कशानं मेलं ते बघतो कोण?

आमचा मोती तेव्हा आठ महिन्यांचा होता. गणपती झाल्यावर सोसायटीत कण्हेरीची छाटणी झाली आणि फांद्यांचा ढीग दोन दिवस भिंतीशी पडून राहिला. त्यातली बोटाएवढी जाड, सुकत आलेली एक काडी त्यानं गॅलरीत आणून कुरतडली. साल सोललेली पांढरी काडी मला फरशीवर दिसली, तेव्हा मी नुसती उचलून टाकली. तासाभरात दोन उलट्या झाल्या आणि तो कोपऱ्यात जाऊन बसला. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मग माझ्या कानात दिला. एक ठोका. दोन ठोके. मग काहीच नाही, इतका वेळ की मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग पुन्हा एक. मिनिटाला जेमतेम पन्नास. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन नावाचं विष थेट हृदयावर घाव घालतं, आणि पानं-काड्या वाळल्या तरी ते तसंच राहतं. ती रात्र त्यानं सलाइनवर, ईसीजीच्या तारांत काढली. वाचला. डॉक्टरांनी पहिल्यांदा तीनच गोष्टी विचारल्या होत्या: काय खाल्लं, किती वाजता, वजन किती. पहिल्याचं उत्तर मला देता आलं, कारण निघताना ती काडी कचऱ्यातून काढून पिशवीत घातली होती.

मिठाच्या पाण्याचं मात्र कृपा करून कुणाला सांगू नका. उलटी होईलच असं नाही. नाही झाली तर रक्तातलं मीठ वाढून झटके येतात, आणि विषाच्या जोडीला दुसरं विष पोटात जातं. दुधानंही काही होत नाही. झाडाचा तुकडा घ्या आणि तडक डॉक्टरांकडे निघा. उलटी करवायची की नाही, कोळशाचं औषध द्यायचं का, ते त्यांना ठरवू दे.

तुमची कण्हेर राहू दे, काका. महादेवाला फुलं वाहायला माझ्या आईलाही तीच लागतात. छाटणी कराल तेव्हा फांद्या त्याच दिवशी खड्ड्यात पुरा. न्हाणीच्या चुलीत घालू नका, कण्हेरीचा धूरही बाधतो. आणि दिवाळीत नात पिल्लू घेऊन येणार आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्याला अंगणात सोडण्याआधी बिट्टीखालची पडलेली फळं वेचून घ्या. तिच्या बिया कण्हेरीइतक्याच वाईट, आणि लहान मुलंसुद्धा त्या खेळायला उचलतात.

लेखातली यादी मी आज मोडून नव्याने लिहिली आहे. सायकस, कण्हेर, बिट्टी आणि अडेनियम (कुंडीतलं जाड बुंध्याचं, कण्हेरीच्याच कुळातलं फुलझाड) वेगळे, वरती. मनीप्लांट खाली.