३७७ गेलं, हे सोलापुरात कोण सांगणार?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेला समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खाली गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तर हे कलमच नाही. तरी आजही समोर बसलेला पक्षकार मला विचारतो, "मॅडम, तक्रार दिली तर माझ्यावरच केस होईल की!"

पोरगा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. अ‍ॅपवर ओळख झाली, भेटायला बोलावलं, तिथं आणखी दोघं येऊन उभे राहिले. मारहाण केली, व्हिडिओ काढला. तेव्हापासून पगार झाला की फोन येतो. घरी कळेल ही भीती आहेच, पण पोलिसांकडे जाण्यापासून त्याला अडवलं ते ३७७ खालच्या जन्मठेपेच्या धास्तीनं. जे कलम अस्तित्वात नाही, त्याच्या नावावर हे लोक खंडणी खातायत.

या कलमाची खरी ताकद कोर्टाबाहेरच होती. २००१ मध्ये लखनौत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच त्याखाली अटक झाली. तिहारमध्ये कैद्यांना कंडोम द्यायलाही ३७७ आड आलं, म्हणून १९९४ मध्ये पहिली याचिका झाली. मग एचआयव्हीवर काम करणारी नाझ फाउंडेशन ही संस्था कोर्टात गेली, २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जिंकली, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. माणसं तरीही घरी बसली नाहीत. नावानिशी, चेहऱ्यानिशी पुन्हा याचिकाकर्ते म्हणून उभी राहिली. मला या लोकांबद्दल अपार आदर आहे.

मराठी माणसानं एक नाव विसरू नये. प्रा. रामचंद्र सिरस, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या घरात घुसून त्यांच्या समलिंगी संबंधांचं चित्रीकरण केलं गेलं आणि निलंबन मात्र सरांचंच झालं. दिल्लीचा निकाल तेव्हा लागलेला होता! अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली, आणि आठवड्याभरात सर घरात मृतावस्थेत सापडले.

"ही विदेशी थेरं आहेत," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. विदेशी होतं ते कलम. मेकॉलेच्या मसुद्यावरून १८६० मध्ये इंग्रजांनी ते आणलं. ज्या गावानं १९३० चा मार्शल लॉ सोसला, ज्या गावाचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले, त्या गावानं इंग्रजांच्या कायद्याला आपली संस्कृती म्हणावं, याचा मला संताप येतो.

नव्या संहितेत एक मोठी चूकही झाली आहे. पुरुषावर बलात्कार झाला तर त्यासाठी कलमच उरलेलं नाही. संमतीचा भाग न्यायालयानं वगळला होता, जबरदस्तीचा ठेवला होता. संसदेनं दोन्ही काढून टाकले. त्यासाठी पुन्हा भांडावं लागेल.

तोवर, कुणाला असे फोन येत असतील तर ऐका. गुन्हेगार तुम्ही नाही. धमकी देऊन पैसे उकळणं हा न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. मेसेज पुसू नका, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. उत्पन्न कमी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, वकील मोफत मिळतो. ठाण्यात एकटं जायला धीर होत नसेल तर मला इनबॉक्स करा, मी सोबत येईन.