घोरपडीला गर्दी, इंजिनाला किलोचा भाव

गावच्या ग्रुपवर फिरणाऱ्या त्या व्हिडिओला मथळा दिलाय : ‘भंगारात निघाली भलीमोठी घोरपड!! शेवटपर्यंत बघा’. मी शेवटपर्यंत बघितला. त्यात घोरपड आहे, तात्या आहेत, तात्यांचा टॉवेल आहे आणि डावीकडच्या कोपऱ्यात पाना धरलेलं एक कोपर आहे. ते कोपर माझं. त्याबद्दल तक्रार नाही. माझं तोंड दिसावं असा आग्रह घरातही कुणी धरत नाही. पण भंगार?

ज्याला भंगार म्हटलंय ते लिस्टर बनावटीचं सहा घोड्यांचं डिझेल इंजिन आहे. मिनिटाला ६५० फेरे. सिलिंडरचा व्यास साडेचार इंच, स्ट्रोक साडेपाच इंच, दोन्ही अंगांना एकेक बिडाचं फ्लायव्हील, सगळं मिळून वजन तीन-साडेतीनशे किलो. पूर्ण भारावर तासाला सव्वा-दीड लिटर डिझेल पितं. स्वतःला गार ठेवायला त्याला पाण्याचा पंपसुद्धा लागत नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक टाकीत चढतं आणि गार पाणी खालून आत येतं. इंग्लंडमधल्या डर्स्लीच्या कारखान्यात हा नमुना १९३० च्या आसपास निघाला आणि १९८७ पर्यंत तिथं बनत राहिला. राजकोटच्या मंडळींनी तर त्याच्या इतक्या नकला काढल्या की रिंगा, नोझल, गॅस्केट यांसाठी अजून कुणाचे पाय धरावे लागत नाहीत. विहिरीवर पट्टा चढवला की पाणी, गुऱ्हाळावर चढवला की रस, गिरणीवर चढवला की पीठ. बैलांच्या मानेवरची मोट उतरवणाऱ्यांत ह्या जातीच्या यंत्रांचा मोठा वाटा. आणि हे भंगार.

असो. घोरपड का निघाली ते आधी सांगतो, कारण व्हिडिओत ते नाही.

जुन्या इंजिनघरात धुराचा पाइप बऱ्याचदा सरळ छपरातून काढत नसत. जमिनीत विटांचा खड्डा बांधायचा, पाइप त्यात सोडायचा, वर फरशी टाकायची आणि खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाकडून धूर बाहेर काढायचा. आवाज खड्ड्यातच मरतो. पण खड्ड्याची साफसफाई कुणी करत नाही. ओली काजळी, पालापाचोळा, उंदरांची घरं असं साचत जातं आणि इंजिनाला श्वास सोडायला जागा उरत नाही. मग ते सुरू होतं, रिकामं बरं चालतं, पण पट्टा चढवला की काळा धूर ओकून बसतं. लोक लगेच नोझल, म्हणजे डिझेलचा फवारा मारणारी तोटी, बदलतात, डिझेलचा पंप खोलतात, गावातल्या मिस्त्रीला शिव्या देतात. त्याआधी धुराचा पाइप हेडपासून, म्हणजे सिलिंडरच्या झाकणापासून, सोडवावा आणि पट्टा चढवून इंजिन मिनिटभर तसंच चालवून बघावं. कानाचे पडदे हलतात, पण इंजिन मोकळं पळालं तर दोष खड्ड्यात आहे, हे नक्की. मी दुरुस्त करत होतो ते इंजिन असंच मोकळं पळालं. म्हणून इंजिन बंद करून फरशी उचलली. आत कोपऱ्यातली एक वीट निखळलेली होती आणि त्या भोकातून आत येऊन, काजळीवर पोट टेकून, जीभ आतबाहेर करत बाई बसल्या होत्या.

खरं तर इथंच गोष्ट संपायला हवी होती. घोरपड विषारी नाही. तिला कुणाशी भांडायचंही नसतं. शेपटीचा फटका आणि नखांचा ओरखडा एवढीच तिची शस्त्रं, आणि अगदी कोंडलंच तर चावा. काठीनं ढोसायचं नाही, कुत्री बांधायची, खड्ड्यात एक फळी तिरकी लावून ठेवायची आणि सगळ्यांनी चहाला जायचं. वाट मोकळी दिसली की ती जाते. हाताबाहेरचं असेल तर वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे. पण एवढ्यात बांधावरून तात्या आले.

तात्या म्हणजे गावात कुठंही काहीही घडलं की तिथं आधीच हजर असलेला माणूस. सोबत मोबाइलवाला नातू.

“हलू नगा!” तात्या लांबूनच ओरडले. “यशवंती हाय ती!”

“तात्या, घोरपड आहे.”

“मग यशवंती कोण हुती? म्हस?”

याला उत्तर नव्हतं. नातवाचं चित्रीकरण सुरू झालं होतं. तात्यांनी डोक्याचा टॉवेल काढून खांद्यावर घेतला, कॅमेऱ्याकडं तोंड केलं आणि सिंहगडची लढाई सुरू केली. ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र, कडा, तानाजी मालुसरे, पेटीतून काढलेली यशवंती, तिच्या कपाळाला लावलेलं कुंकू. सांगतात चांगलं, हे कबूल करायला हवं. मी पाना घेऊन उभा. घोरपडसुद्धा ऐकत असावी, कारण तिनं मान वर केली होती.

कडा चढून झाल्यावर मला राहवलं नाही. “तात्या, मोठ्यात मोठी घोरपड सहा-सात किलोची. दोराला लोंबकळणारा मावळा साठ-सत्तरचा. ती खाली येईल की नाही?”

“त्या वक्ताच्या घोरपडी येगळ्या हुत्या.”

“वेगळ्या म्हणजे?”

“त्या वक्ताचं दूध येगळं हुतं.”

“घोरपड दूध पीत नाही, तात्या.”

“म्हणून तर आताच्या अशा किडमिड्या.”

पोवाड्यातल्या ह्या कथेला एक धागा खरा आहे, तो सांगायला गेलो. घोरपड फटीत शिरली की अंग फुगवते आणि नखं रोवते. मग शेपटीला धरून कितीही ओढलं तरी ती सहजासहजी निघत नाही. कड्याच्या कल्पनेचं मूळ तिथं असावं. हे मी सांगायला नको होतं. कारण तात्यांचे डोळे चमकले आणि त्यांनी नातवाला फर्मावलं, “कासरा आन रं. बांधून बगू.”

मग कायदा सांगावा लागला. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. घोरपड पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंगतीत. धरली, मारली, विकली तर ३ ते ७ वर्षं आत.

“धरायची न्हाई ओ. नुसती बांधायची.”

“त्यालाच धरणं म्हणतात.”

“आन सोडल्यावर?”

“तुम्हाला सोडल्यावर का तिला सोडल्यावर?”

नातू हसला, त्यामुळं तो तुकडा व्हिडिओतून गाळला असणार. तात्या थोडे नरमले, पण गुडघ्यावर आले. म्हणजे विषय गुडघ्यांवर आला. घोरपडीच्या तेलानं सांधे मोकळे होतात, असं त्यांच्या आज्यानं सांगितलेलं. ह्या एका तेलापायी किती जनावरं गेली असतील! चरबी म्हणजे चरबी. ती चोळल्यावर जो आराम पडतो तो चोळण्याचा. हिच्या नराची जननेंद्रियं वाळवून ‘हत्थाजोडी’ नावाची मुळी म्हणून पूजेसाठी विकतात आणि घेणारे शाकाहारी लोक ती देव्हाऱ्यात ठेवतात. कातडं दिमडी-खंजिरीवर ताणून झालं. माणसानं हिचं काही वाया घालवलं नाही. फक्त तिला जगू दिलं नाही. हे मी जरा चढ्या आवाजात बोललो.

तात्या शांतपणे म्हणाले, “त्ये खरं. पर गुडघं दुखत्यात.”

मी वैतागून इंजिनाच्या पोटातलं तेल मोजायची पट्टी काढली आणि म्हटलं, “तेलच हवंय ना? घ्या. इंजिनाचं, एसएई ३०.” तात्यांनी बोटावर घेतलं, वास घेतला, धोतर वर केलं आणि दोन्ही गुडघ्यांना लावलं. थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले.

“येतोय गुण,” म्हणाले.

तोवर पंचवीसेक माणसं जमली होती. सगळ्यांना घोरपड बघायची होती. एकानं तर फ्लायव्हीलच्या आऱ्यावर पाय देऊन फोटो घेतला. मी त्याला म्हटलं, हे फिरलं तर पाय जाईल. तो म्हणाला, “ह्ये फिरतंय होय?”

इथं मला खरा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. बंद पडलेल्या यंत्रात जनावर निघालं की गर्दी होते, पण ते यंत्र बंद का पडलं, हे विचारायला कुणी येत नाही. आणि जनावरं तर निघणारच, कारण यंत्राकडं वर्षानुवर्षं फिरकलेली तेवढीच असतात. हवेच्या फिल्टरमध्ये पालीची अंडी, सोडून दिलेल्या मळणीयंत्राच्या ड्रममध्ये उंदीर, त्या उंदरांमागं धामण, आढ्याला गव्हाणी घुबड. ह्या सगळ्यांत खरी यंत्रशत्रू कोण, तर कुंभारीण माशी. डिझेल टाकीच्या झाकणाला हवा आत यायला बारीकसं भोक असतं. ही बया त्यात चिखल लिंपून जाते. मग इंजिन दहा मिनिटं छान चालतं आणि मरतं, कारण टाकीत हवाच जात नाही. झाकण सैल केलं की ‘फस्स’ आवाज येतो, इंजिन पुन्हा सुरू, पुन्हा दहा मिनिटांनी बंद. एका बारीक तारेचं काम. त्यापायी अख्खे डिझेल पंप बदललेली माणसं आहेत. घोरपडीनं इंजिनाचं काही बिघडवलं नव्हतं. उलट खड्ड्यातले उंदीर तिनंच कमी केले असणार. पण कुंभारणीचा व्हिडिओ कोण काढतो?

आणि भंगारवाला इंजिन नेतो कसं, तेही एकदा बघा. टेम्पोत उचलायला जड म्हणून फ्लायव्हीलवर घण घालतो. बीड कडक, पण ठिसूळ. चार घावांत काचेसारखं तुटतं. पन्नास-साठ वर्षं न थकता फिरलेलं चाक पोत्यात भरून किलोच्या भावानं जातं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते म्हणतात. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढं तोच नांगर घराघरात गेला. आता तो हायवेवरच्या ‘घरगुती जेवण’वाल्या हॉटेलाच्या दारात सोनेरी रंग फासून उभा असतो आणि तांबडा-पांढरा ओरपून आलेली मंडळी त्याच्या रुमण्याला धरून सेल्फी काढतात. निदान तो तुटला तरी नाही, असं म्हणायची वेळ आली आहे.

घोरपडीचं म्हणाल तर ती गेली. माणसं जेवायला पांगली, ऊन कलतं झालं, फळीवरून वर आली, इकडंतिकडं बघितलं आणि उसात शिरली. व्हिडिओत हे नाही.

मग राहिलेलं काम केलं. खड्ड्यातून घमेल्यांनी काजळी काढली आणि निखळलेल्या विटेच्या जागी सिमेंटात जाड जाळी बसवली. धूर जातो, जनावर येत नाही. डिझेलच्या नळीतली हवा काढायची तर क्रम चुकवून चालत नाही : आधी टाकीचा कॉक, मग फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपाकडचा, शेवटी नोझलच्या नळीचा नट. बुडबुडे थांबून अखंड धार आली की आवळायचं. मग पंप हातानं मारायचा; नोझल ‘कर्र’ असं बोललं की समजावं तयार. हेडच्या बाजूला हातानं फिरवायचं छोटं चाक असतं, नळ समजून लोक ते काढून टाकतात. सुरू करताना ते आत घट्ट हवं, म्हणजे दाब वाढतो. इंजिन तापून भार आला की बाहेर. व्हॉल्व्ह उचलायची कळ वर, हँडल मारायचं, अंगठा बोटांच्याच बाजूला, कारण हँडल उलटं आलं तर पहिला बळी अंगठ्याचा. फेरे भरले की कळ खाली.

धडधडलं. पट्टा चढवला, विहिरीतलं पाणी पाटात पडलं, धूर नितळ.

तेवढ्यात तात्या आले. सोबत नातू, त्याचे चार मित्र आणि शेजारच्या गावचे पाहुणे. सगळे खड्ड्याच्या कडेनं उभे राहिले. तात्या माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, “जरा बंद करा की त्ये! आवाजानं जनावर यायचं न्हाई!”